उरलेली अर्धी गोष्ट

लिहिण्याच्या वर्गाला मी जायला लागले ती सुनेवर लक्ष ठेवायला. आता खरं सांगायला काय हरकत आहे.

आमचा अंडी उबवण्याचा धंदा. घराला लागून लांबट शेड, शेडमध्ये कपाटाएवढी चार मशिनं. एकवीस दिवस ऊब सांभाळायची, अंड्यांचे ट्रे कलते करत राहायचे, सातव्या दिवशी दिव्यासमोर धरून अंडं जिवंत आहे की पोकळ ते बघायचं, आणि एकविसाव्या दिवशी पिल्लं भुसा घातलेल्या खोक्यांत भरून गावोगाव धाडायची. नवरा गेल्यापासून हे सगळं आम्ही तिघांनी ओढलं. मी, माझा मुलगा आणि सून. सहा वर्षांची नात, चिमी, मध्ये मध्ये लुडबुड करायला. अशा घरात सून एक दिवस म्हणते, "आई, रविवारी दुपारी मी वाचनालयात जाऊ का? तिथे लिहायला शिकवतात."

लिहायला. माझ्या नाकाला मिरच्याच झोंबल्या. तुला काय लिहिता येत नाही का, म्हटलं. ती हसली फक्त. मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, "आई, तू पण जा. बघ तरी कुठे जाते, कुणाशी बोलते." म्हणून मी गेले.

वाचनालय म्हणजे दोन खोल्या. पूर्वी तिथे धान्याच्या ट्रकांचं वजन व्हायचं, त्याचं ऑफिस होतं. भिंतीला अजून 'गाडीतून उतरू नये' अशी पाटी आहे. ग्रंथपालबाईंना सगळे शिक्केबाई म्हणतात, कारण हातात येईल त्या कागदावर त्या शिक्का मारतात. आम्ही सातजण. एक बसचा कंडक्टर, एक सलूनवाले, दोन शिक्षिका, शिक्केबाई, सून आणि मी. मी भिंतीशी खुर्ची ओढून बसले तर शिक्केबाई म्हणाल्या, "इथे नुसतं बसायला मिळत नाही. लिहावं लागतं." म्हटलं, मग घ्या. आमच्या एका भांडकुदळ कोंबडीवर पानभर खरडलं. वाचलं तेव्हा कंडक्टर इतका हसला की त्याला ठसका लागला. मला बरं वाटलं. पुढच्या रविवारी सुनेच्या आधी मीच चपला घालून दारात उभी होते.

तर त्या वर्गाची एक पद्धत आहे, ती नीट सांगते, कारण सगळं रामायण तिच्यातून झालं. तिला 'अर्धी गोष्ट' म्हणतात. महिन्यातून एकदा प्रत्येकानं एक गोष्ट लिहायची, पण शेवट लिहायचा नाही. शिक्केबाई ती टाइप करतात, म्हणजे अक्षर ओळखू येत नाही. मग सारख्या पाकिटांत घालून पाकिटं पिसायची आणि ज्याला जे येईल त्यानं त्या गोष्टीचा शेवट लिहून पंधरा दिवसांनी अख्खी गोष्ट मोठ्यानं वाचायची. कुणाची गोष्ट आहे ते ओळखायचा प्रयत्न करायचा नाही. पाकिटातलं बाहेर कुणाला सांगायचं नाही. आणि वाचून झालं की सगळ्यांनी बोलायचं. ज्याची गोष्ट आहे त्यानंही, पण परक्याची असल्यासारखं. याच नियमाची सगळ्यांना गंमत वाटायची.

त्या महिन्यात मला आलेलं पाकीट मी दुसऱ्या दिवशी दुपारी उघडलं. दिव्यावर अंडी बघायची आमची अंधारी खोली आहे, तिथे एकटीच बसून.

गोष्ट एका लाँड्रीची होती. सासू, मुलगा, सून आणि एक लहान मुलगी. भाषा साधी. एके दुपारी मुलगा सुनेला मारतो. का, ते लिहिलं नव्हतं. इस्त्रीच्या टेबलाशी मारतो, एवढंच. आणि पुढे असं:

'सासू बाजूच्या खोलीत होती. तिनं उठून कपडे धुण्याचं मोठं मशीन लावलं. त्या मशीनचा आवाज रस्त्यापर्यंत जातो. मग कुणालाच काही ऐकू आलं नाही. मुलगी आजीला म्हणाली, आजी, आत कपडे नाहीत, मग मशीन का लावलं?'

मी कागद मांडीवर ठेवला.

आमच्याकडे धुण्याचं मशीन नाही. शेडमध्ये गरम हवा बाहेर फेकणारा मोठा पंखा आहे, तो लावला की शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागतं. आणि एका दुपारी चिमी मला म्हणाली होती, "आजी, गरम होत नाहीये, मग पंखा का लावला?" तिथे मी होते, चिमी होती. आणि दाराशी तिची आई येऊन उभी राहिली होती. ओठ सुजलेला.

एकदाच झालं होतं ते. मी स्वतःला तेव्हाही हेच सांगितलं आणि त्या दिवशी पाकीट हातात धरूनही हेच सांगितलं. माणसाचा एकदा तोल जातो. माझ्या नवऱ्यानं जन्मात मला बोट लावलं नाही, घरात कुणी आवाज चढवला नाही, मग हे पोरगं कुठून शिकलं असेल हा प्रश्न मला पडायचा. पण प्रश्न पडला की मी कामाला लागायची. कामाला काय, शेडमध्ये कधीच तोटा नसतो.

गोष्टीचं शेवटचं पान असं होतं. सुनेनं कपडे आणि आपली प्रमाणपत्रं एका पिशवीत भरली आहेत. पिशवी साबणाच्या पोत्यांमागे आहे. मैत्रिणीच्या दवाखान्यात रक्त तपासायचं काम मिळालंय. महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी साडेसहाच्या बसनं ती मुलीला घेऊन जाणार आहे. नवऱ्याला कळलं तर काय होईल हे तिला माहीत आहे. 'सासूला कळलं तर काय होईल, हे मात्र तिला माहीत नाही.' इथे गोष्ट थांबली होती.

पहिला सोमवार म्हणजे आमच्या पुढच्या वाचनाच्या रविवारचा दुसरा दिवस.

मी तशीच उठले आणि शेडमध्ये गेले. साबण आमच्याकडे नसतो, भुशाची पोती असतात, मागच्या भिंतीला रचलेली. पोत्यांच्या मागे हात घातला. पिशवी लागली. चेन उघडून बघितली तर वर चिमीचा पिवळा फ्रॉक, खाली प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कागद. गोष्ट वाचताना कुठेतरी वाटत होतं, लिहिलंय झालं, लिहायला काय लागतं. फ्रॉक बघितल्यावर ते राहिलं नाही.

तेवढ्यात मागून मुलाचा आवाज. "आई, काय शोधतेस तिथे?"

"उंदीर," मी म्हणाले.

"सरक. मला दोन पोती लागतायत." तो आलाच जवळ. त्यानं वरच्या पोत्याला हात घातला. ते पोतं काढलं असतं तर पिशवी त्याच्या समोरच होती.

"ही ओली आहेत," मी म्हणाले. "भुशाला बुरशी धरलीय. पिल्लांच्या छातीत जाईल. त्या बाजूची घे."

"कालच आणलीत, ओली कशी होतील?"

"मला शिकवू नकोस. तुझ्या जन्माच्या आधीपासून भुसा हुंगतेय मी."

तो खांदे उडवून पलीकडची दोन पोती घेऊन गेला. मी पोत्यावरच बसले. बसल्यावर लक्षात आलं, मुलाला सांगायची एवढी आयती संधी आली होती आणि मी खोटं बोलले. का बोलले? तो तिला समजावेल असं मला वाटत असतं तर मी सांगितलं असतं. म्हणजे तो काय करेल ते मला पक्कं ठाऊक होतं.

तरीही त्या पंधरा दिवसांत मी तिला जायला देणार होते असं नाही. छे. नातीशिवाय मी जगू शकत नाही, हे एक. आणि सून गेली की लोक काय म्हणतील, शेड कोण बघेल, हे दोन आणि तीन. माझा बेत असा होता की शेवट असा लिहायचा, असा लिहायचा, की तिचं मन वळलं पाहिजे.

सातव्या दिवसाची अंडी बघायला आम्ही दोघी त्या अंधाऱ्या खोलीत बसलो. दिव्याच्या भोकावर अंडं ठेवायचं, आत लाल रेघा दिसल्या की इकडे, नुसता पिवळा उजेड दिसला की तिकडे. तिचा हात माझ्यापेक्षा भरभर चालतो. अंधारात चेहरे दिसत नाहीत, फक्त हात दिसतात.

"तुला कोणती गोष्ट आली गं?" मी विचारलं.

"सांगायचं नसतं ना, आई."

"असंच विचारलं. मला तर बाई बोअर आलीय. कुणा धोब्याची."

तिचा हात थांबला. हातात अंडं तसंच. मी मनात म्हटलं, बोल. आत्ता बोललीस तर आपण दोघी इथे बसून काहीतरी ठरवू. पण तिनं अंडं दिव्यावर ठेवलं, बघितलं आणि उजव्या ट्रेमध्ये टाकलं.

"शेवट लिहिलात?"

"लिहिते आहे."

"नीट लिहा," ती म्हणाली. बस्स, एवढंच.

त्यानंतर माझी झोप उडाली. आता तिला माहीत होतं की गोष्ट माझ्याकडे आहे, आणि मला माहीत होतं की तिला माहीत आहे. एका घरात, एका बादलीत ट्रे पुसायचं फडकं भिजवत, आम्ही मूग गिळून बसलो होतो. मुलगा जेवताना हसून विचारायचा, "काय मग लेखिकाबाई, काय लिहिताय?" आणि आम्ही दोघी एकदम पाण्याच्या तांब्याकडे हात न्यायचो. रोज पहाटे उठले की आधी मी पोत्यांमागे हात घालून बघायची, पिशवी आहे का. असली की बरं वाटायचं. का बरं वाटायचं, देव जाणे. असली म्हणजे ती जाणार, आणि नसली म्हणजेही ती गेलीच.

हेही माझ्या ध्यानात आलं की पाकीट मला आलं हा योगायोग, पण गोष्ट काही योगायोगानं लिहिलेली नव्हती. सातांपैकी कुणालाही आली असती तरी रविवारी ती मोठ्यानं वाचली जाणार होती, आणि मी तिथे बसलेली असणार होते. वाचनालयात छताला साधा पंखा आहे, तोही आवाज न करणारा. तिला मला ते ऐकवायचंच होतं, जायच्या आदल्या दिवशी.

शेवट मी चार वेळा लिहिला. पहिल्यात नवरा पाया पडला. फाडला, कारण माझा मुलगा कुणाच्या पाया पडेल हे मलाच खरं वाटेना. दुसऱ्यात बस चुकली. तिसऱ्यात मुलीला ताप आला आणि सगळं राहून गेलं. तो लिहिताना माझीच मला लाज वाटली, सहा वर्षांच्या पोरीला ताप आणून सासू आपलं घर वाचवते. शेवटी एका दुपारी सरळ लिहून काढलं. सासूला पिशवी सापडते. ती सुनेला जवळ घेते, म्हणते, पोरी, चुकलं माझं, जा तू, सुखी राहा. दोघी गळ्यात पडून रडतात. बस सुटते. सासू वळण संपेपर्यंत हात हलवत राहते. लिहिताना माझ्याही डोळ्यांना धार लागली. मला वाटलं, जमलं. आणि खरं सांगू का, मनात आत कुठेतरी असंही होतं की एवढी चांगली सासू ऐकल्यावर ती कशाला जाईल?

रविवारी माझा नंबर तिसरा होता. चिमी बाहेरच्या खोलीत चित्रांची पुस्तकं घेऊन बसली होती. मी चष्मा लावला आणि वाचायला लागले. स्वतःच्या तोंडानं ते वाचायचं म्हणजे काय असतं ते मी आधी विचारात घेतलंच नव्हतं. 'सासू बाजूच्या खोलीत होती' या ओळीशी थांबले. पाणी प्यायले. 'आजी, आत कपडे नाहीत' तर मी इतक्या हळू वाचलं की सलूनवाले म्हणाले, "जरा मोठ्यानं, काकू." परत वाचलं. मोठ्यानं. सून टेबलाच्या पलीकडे मान खाली घालून पेनाचं टोपण काढत घालत होती.

माझा शेवट वाचून झाला तेव्हा सलूनवाल्यांनी रुमाल काढला. कंडक्टर म्हणाला, "काकू, तुम्ही तर रडवलंत. कोंबडीवाल्या काकू अशा लिहितील असं वाटलं नव्हतं." शिक्षिकांनी भाषा चांगली आहे म्हणून सांगितलं. मी फुशारले, खोटं कशाला बोलू. मग शिक्केबाई सुनेकडे वळल्या. "तुम्हाला काय वाटतं?"

सुनेनं पेन खाली ठेवलं.

"मला शेवट पटला नाही," ती म्हणाली.

कंडक्टर म्हणाला, "का हो? किती छान आहे."

"छान आहे. पण ही बाई आधी मशीन लावते आणि शेवटी एकदम रडते. मधलं कुठे आहे?" ती कुणाकडेच बघत नव्हती, गोष्टीच्या कागदांकडे बघून बोलत होती. "तिनं ऐकलं. मग ऐकलं हे तिनं कुणाला सांगितलं? मुलाला तरी तोंडावर म्हणाली का, की मी ऐकलंय? नाही म्हणाली. सून निघून चालली तेव्हा कोपऱ्यात नेऊन चुकलं म्हणाली. कुणी नसताना. ते तर आणखी एकदा मशीन लावल्यासारखंच झालं. रडायला काय, कुणालाही येतं."

सलूनवाल्यांनी रुमाल खिशात ठेवला.

"मग ही सासू काय करेल, तुमच्या मते?" शिक्केबाईंनी विचारलं.

"काहीच करणार नाही," सून म्हणाली. "आतापर्यंत जे वाचलं त्यावरून तरी."

मला राग आला. भयंकर आला. उठून म्हणावंसं वाटलं, अगं, तुझ्या बाळंतपणात रात्रंदिवस कुणी केलं, तुझ्या आजारपणात मशिनं कुणी बघितली? पण उठले नाही, कारण ती परक्या बाईबद्दल बोलत होती आणि त्या परक्या बाईबद्दल ती जे बोलत होती त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. शेवट लिहिणाऱ्याला शेवटी एक वाक्य बोलता येतं. शिक्केबाईंनी माझ्याकडे बघितलं.

"मला शेवट बदलायचाय," मी म्हणाले.

"बदला की. पुढच्या महिन्यात आणा."

"पुढच्या महिन्यापर्यंत वेळ नाही," मी म्हणाले, आणि सुनेनं त्या दुपारी पहिल्यांदा वर बघितलं.

वर्ग सुटल्यावर मी शिक्केबाईंना पुस्तकांच्या कपाटामागे नेलं आणि दोन मिनिटांत सगळं सांगितलं. नियम मोडला. त्या बाहेरच्या खोलीत गेल्या. चिमीला म्हणाल्या, "चल गं, आज माझ्याकडे मुक्काम. आमच्या मांजरीला पिल्लं झालीत." आणि कंडक्टरला मी म्हटलं, "तुम्हाला अंडी हवी होती ना? आत्ताच चला." त्याला काही कळलं नव्हतं, पण माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यानं सायकल हातात धरली आणि मुकाट्यानं आमच्याबरोबर चालायला लागला.

रस्त्यात सून हळूच म्हणाली, "आई, काय करताय तुम्ही?"

"तू माझ्या मागे उभी राहा," मी म्हणाले. "आणि पुढे येऊ नकोस."

मुलगा शेडमध्ये ट्रे धूत होता. दार सताड उघडं. कंडक्टर दारात सायकल लावून उभा राहिला. मोठा पंखा चालू होता, या वेळी खरंच उकडत होतं. मी जाऊन बटण बंद केलं. पाती थांबेपर्यंत वेळ लागतो. तो पूर्ण थांबेपर्यंत मी थांबले.

"काय गं आई, पंखा का बंद केलास? पारा चढेल."

"चढू दे. तू हिला मारतोस," मी म्हणाले. "आणि मी बाजूला बसून ऐकते. मला ऐकू येतं. कळलं?"

त्याचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल. त्यानं माझ्या खांद्यावरून सुनेकडे बघितलं. "हे तू सांगितलंस हिला? हेच लिहिता वाटतं तिथे? घरातलं बाहेर?" हातातला ट्रे खाली आपटला आणि तो पुढे आला. मी जागची हलले नाही. माझा मुलगा माझ्यापेक्षा हातभर उंच आहे. त्याचा श्वास माझ्या कपाळावर लागत होता. मला त्याची भीती वाटली. माझ्या पोटच्या पोराची मला भीती वाटली, आणि ती कशी असते ते मला तेव्हा कळलं. मला एका मिनिटासाठी, तिला इतकी वर्षं.

"तिनं काही सांगितलं नाही. मी माझ्या कानांनी ऐकलं," मी म्हणाले. "आता हे ऐकणारे ते दारात उभे आहेत. उद्या त्यांना कुणी विचारलं तर ते सांगतील. ती सकाळी चिमीला घेऊन चाललीय. मीच पोचवणार आहे."

त्याला दारातला कंडक्टर तेव्हा दिसला. कंडक्टर घाबरलेला दिसत होता, पण जागेवरून हलला नाही. सायकलची घंटी उगाच एकदा वाजली त्याच्या हाताखाली. मुलाचा अर्धा उचललेला हात खाली आला. तो म्हणाला, "आई, तू माझी आई आहेस की हिची?"

मी म्हटलं, "ट्रे उचल तो. फुटला असेल." आणि सुनेला घेऊन पोत्यांकडे गेले. पिशवी मीच ओढून काढली. तो बघत होता. भुशाची पोती ओली नाहीत हे त्याला तेव्हा समजलं असेल.

ती रात्र दोघी मायलेकी शिक्केबाईंकडे राहिल्या. मी घरी राहिले. मुलगा माझ्याशी एक शब्द बोलला नाही. आज वीस दिवस झाले, अजून बोलत नाही.

सोमवारी सव्वासहाला मी बसथांब्यावर पोचले. थांबा म्हणजे एक पत्रा आणि सिमेंटचा कठडा. चिमी मांजरीच्या पिल्लांबद्दल बोलत होती, तिला पूर्ण कळलं नव्हतं की आपण कुठे चाललोय. सुनेच्या हातात ती पिशवी. गाडी आली, त्यावर आपला कंडक्टरच होता. त्यानं चिमीला आत खिडकीशी बसवलं आणि मुद्दाम पुढे ड्रायव्हरशी बोलायला गेला.

मला वाटत होतं ती वाकून नमस्कार करेल, किंवा जवळ घेईल. निदान शेवट पटला एवढं तरी म्हणेल. मी काल जे केलं ते काही कमी नव्हतं. मुलगा गमावला मी. मी वाट बघत उभी राहिले.

ती पायरीवर एक पाय ठेवून वळली.

"आई, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार."

"गोष्टीत मी एकदाच लिहिलंय," ती म्हणाली. "तुम्हाला किती वेळा ऐकू आलं होतं?"

ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं. मला 'काय?' म्हणता आलं असतं. एवढ्या आवाजात कुणालाही म्हणता आलं असतं, आणि गाडी सुटून गेली असती. एकदाच, एकदाच, हे मी इतके दिवस स्वतःला घोकून सांगितलं होतं. तुम्हालाही तेच सांगितलं.

"चार," मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघत राहिली. मनातल्या मनात मोजत असावी.

"हो. चार," ती म्हणाली, आणि आत जाऊन चिमीच्या शेजारी बसली.